पूजलेलं मशीन

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी, सातपूरच्या एका कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये मला सांगण्यात आलं, की मी मशीनची पूजा केलेली नाही, त्यामुळे मी ते चालवायला हरकत नाही.

सांगणारे शॉपचे साहेब होते. त्यांचे शब्द असे होते: "पर्मनंट लोकांनी पूजा केलीय, ते आज मशीनला हात लावणार नाहीत. तुमची कुठे पूजा झालीय? तुम्ही चालवा."

आजूबाजूला माणसं होती. निळ्या शर्टातली घरी निघालेली, हातात पेढ्यांचा पुडा. राखाडी शर्टातली उभी. निळा म्हणजे पर्मनंट. राखाडी म्हणजे कंत्राटी. मी राखाडी शर्टात होतो.

निळ्यांपैकी एक जण हसले. बाळूकाका. माझ्या वडिलांचे जुने सहकारी. माझ्या लग्नात ते पंगतीला वाढायला होते.

"बरंय राव तुमचं," ते म्हणाले. "ना सोवळं, ना ओवळं. बारा महिने ड्यूटी."

आणखी दोघे-चौघे हसले. मीही थोडा हसलो. सवय होती.

साहेबांच्या वाक्यात माहिती चुकीची नव्हती. माझी पूजा खरंच झाली नव्हती. सकाळी ती मला करू दिली नव्हती.

हे मशीन म्हणजे एक पॉवर प्रेस. पत्रा आत सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. वरचा भाग खाली येतो, पत्र्याला आकार देतो, परत जातो. बटणं दोन अशासाठी, की त्या क्षणी दोन्ही हात बाहेर असावेत. ही प्रेस आधी माझे वडील चालवायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते निवृत्त झाले, मधली काही वर्षं ती दुसऱ्यांकडे होती, मग माझ्याकडे आली. आप्पांना ती पर्मनंट म्हणून मिळाली होती. मला कंत्राटदारामार्फत.

आमच्या भागात कंपनी म्हटलं की हीच. दुसऱ्या कारखान्यांना नावं होती, हिला नाव घ्यायची गरज नव्हती. सकाळी भोंगा व्हायचा आणि गल्लीतल्या सगळ्या घरांत डबे भरले जायचे. ज्यांच्या घरातलं कोणी कंपनीत नव्हतं तेही त्या भोंग्यावर उठायचे. पतपेढी कंपनीची. गणपती कंपनीचा. मुलगी बघायला आलेल्यांनी मुलगा काय करतो विचारलं, की "कंपनीत आहे" एवढं उत्तर पुरायचं. पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे. आप्पा निफाडकडच्या एका खेड्यातून इथे आले, कंपनीत लागले, श्रमिकनगरमध्ये दोन खोल्या बांधल्या. दाराला निळा रंग दिला. शेजारच्यांचीही दारं निळीच होती. एवढा निळा रंग कुठून येतो, हे गल्लीत कोणी कोणाला विचारत नव्हतं.

आता भोंगा वाजत नाही. समोर मोठ्या इमारती झाल्या. तिथल्या रहिवाशांनी तक्रार केली.

लहानपणी खंडेनवमीला आम्ही सगळे कंपनीत जायचो. वर्षात त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडत. आई ठेवणीतली साडी नेसायची. शॉपमध्ये डिझेलचा आणि झेंडूचा मिळून एक वास असायचा. आप्पा मला उचलून घ्यायचे आणि मी प्रेसच्या अंगावर कुंकवाचं बोट ओढायचो. नारळ फुटला की आप्पा मेन स्विच बंद करायचे. "आज तिचा दिवस," म्हणायचे. "आज तिला हात लावायचा नाही."

एका वर्षी म्हणे कुठल्या तरी साहेबाने पूजा झाल्यावर प्रेस चालू करायला सांगितली. आप्पा आणि त्यांच्या पाळीतले सगळे हात बांधून उभे राहिले. साहेब बघत राहिला. शेवटी तोच निघून गेला. हा किस्सा आप्पा दर दसऱ्याला, सोनं वाटून झालं की सांगायचे. मला तो पाठ होता. साहेबाचा चेहरा कसा झाला हे ते करून दाखवायचे, तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसायची.

पुढे कंपनीत एक करार झाला. आप्पा तेव्हा युनियनच्या कमिटीवर होते. जुन्या कामगारांना चांगली पगारवाढ मिळाली. नव्या माणसांबद्दल असं ठरलं, की यापुढची भरती कंत्राटदारामार्फत होईल. करार झाला त्या संध्याकाळी गल्लीत गुलाल उडाला. मीही नाचलो. त्या पगारवाढीतून माझी आयटीआयची फी भरली गेली. आयटीआय करून मी बाहेर पडलो तेव्हा मी नवा माणूस होतो.

कंत्राटी कामगाराला काही महिन्यांनी ब्रेक मिळतो. ब्रेक म्हणजे घरी बसायचं. मग पुन्हा बोलावतात, आणि आपण आजच लागल्यासारखं लागायचं. तीच प्रेस, तीच बटणं, कार्ड नवं. त्यामुळे मी कधीच जुना होत नाही. ब्रेकच्या दिवसांत शेजारच्यांनी विचारलं तर बायको सांगायची, "सुट्टी काढलीय त्यांनी." काही वर्षांनी शेजारच्यांनी विचारणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी मात्र वेगळं घडत होतं. दिवाळीनंतर काही कंत्राटी लोकांना पर्मनंट करणार असं ठरलं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "तुझं नाव पुढे पाठवलंय. दिवाळीपर्यंत नीट राहा." आप्पांनी त्यांच्याकडे शब्द टाकला होता. नीट राहायचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. जास्त बोलायचं नाही, थांब म्हटलं की थांबायचं. मी नीट राहत होतो. बायकोने माहेरी, सायखेड्याला फोन करून सांगूनही टाकलं होतं. तिचे वडील एकदा मोटारसायकलवर कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आले आणि पहिल्यांदाच मला "या, बसा" म्हणाले. माझ्याच घरात.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी प्रेस मी पुसली. डिझेलच्या बोळ्याने ग्रीस काढलं, कोरडा बोळा फिरवला, पुन्हा पुसली. माळाही आम्हीच बांधल्या. माझ्यासोबत लक्ष्मण होता, सुरगाण्याच्या बाजूचा, शेजारची प्रेस चालवायचा. तिसऱ्या प्रेसवर सागर, नामपूरकडचा, नुकताच लागलेला.

सकाळी सूचना झाली. पूजेच्या वेळी कंत्राटी कामगारांनी पिवळ्या पट्टीच्या बाहेर थांबावं. पिवळी पट्टी जमिनीवर रंगवलेली असते, ये-जा करायची वाट आणि मशीनची जागा वेगळी दाखवायला. कारणं सांगितली: गर्दी, सेफ्टी आणि फोटो. फोटो मुख्य कार्यालयाला जातो. त्यात सगळे एका रंगात दिसायला हवेत.

आम्ही पट्टीबाहेर उभे राहिलो.

निवृत्त कामगारांना पूजेचं निमंत्रण असतं. आप्पा आले होते. सोबत माझी मुलगी, दुसरीत शिकणारी. कामगाराच्या नातवंडांना आत यायला परवानगी आहे. साहेब पुढे होऊन म्हणाले, "या आप्पा, तुमचीच प्रेस." आप्पांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग मुलीला उचलून घेतलं. तिने प्रेसच्या अंगावर कुंकवाचं बोट ओढलं. मी ओढायचो त्याच ठिकाणी. तिथला रंग थोडा उडालेला आहे.

मग तिने मला पाहिलं.

"पप्पा, या ना. तुमचं मशीन आहे ना हे?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा निरांजन लावत होते. उत्तर साहेबांनी दिलं.

"पप्पांची ड्यूटी आहे बेटा."

माझ्या हातात त्या वेळी काहीही नव्हतं. ती माझ्या हातांकडे बघत होती.

फोटो निघाला. नारळ फुटला. मेन स्विच बंद झाला. निळ्यांना पेढ्यांचे पुडे दिले गेले. पट्टीबाहेर एक ताट फिरलं, त्यात खोबऱ्याचे तुकडे होते. लक्ष्मणने तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला. पाहुणे जेवायला कँटीनमध्ये गेले.

जेवणानंतर कळलं की चाकणच्या गिऱ्हाइकाचा माल कमी पडलाय आणि गाडी गेटवर उभी आहे. तीन प्रेस चालवाव्या लागणार होत्या. साहेबांनी आधी निळ्यांना विचारलं. बाळूकाका म्हणाले, "साहेब, पूजा झालीय. आज नाही. हे काय आजचं आहे का?" साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते आमच्याकडे वळले आणि सुरुवातीला लिहिलेलं वाक्य बोलले.

लक्ष्मण खाली बघत म्हणाला, "साहेब, आमच्याकडं पुजेल कोयता बी उचलत नाय त्या दिशी."

"तो तुझ्या घरी," साहेब म्हणाले. "ही प्रेस काय तुझ्या घरची आहे?"

मी जागचा हललोही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकाला सांगितलं, "कँटीनमधून आप्पांना बोलवा."

आप्पा आले. मुलीचा हात त्यांच्या हातात होता. साहेब त्यांच्याशी हळू आवाजात बोलले. मला एकच शब्द ऐकू आला. दिवाळी. मग आप्पा मला पाण्याच्या नळापाशी घेऊन गेले. मुलगी सोबत होती.

"हे बघ," आप्पा म्हणाले, "तुझी पूजा झालेली नाही. तुला दोष लागत नाही. साहेब काही चुकीचं बोलत नाहीत."

"पूजा तुमच्या हातची आहे, आप्पा. तुमची तरी झालीय ना?"

"माझं सोड. मी रिटायर माणूस. तू दिवाळीपर्यंत मान खाली घाल. नंतर काय ती वर कर."

"तुम्ही नव्हती चालवली."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. किस्सा त्यांचाच होता, त्यामुळे त्यांना लगेच कळलं.

"आम्ही पर्मनंट होतो," ते म्हणाले.

आजवर इतक्या दसऱ्यांना मी तो किस्सा ऐकला. त्यात हे वाक्य कधी नव्हतं. हात बांधून उभी राहिलेली माणसं होती, साहेबाचा चेहरा होता, आईचं हसणं होतं. मी समजत होतो की ती माणसं नाही म्हणाली, कारण नाही म्हणायचं होतं. नळापाशी मला कळलं, की नाही म्हणणं त्यांना मिळत होतं. पगारासोबत, शर्टासोबत, बोनससोबत. आणि करार करताना ते त्यांनी स्वतःपुरतं ठेवून घेतलं होतं. आप्पा वाईट माणूस नाहीत. त्या क्षणीही ते माझ्या भल्याचंच बोलत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

मी नळावर हात धुतले. पाय धुतले. बूट तिथेच ठेवले.

प्रेसपुढे सकाळचं पूजेचं ताट तसंच होतं. मी पिवळी पट्टी ओलांडून आत गेलो. नारळ शिल्लक नव्हता. हळद होती, कुंकू होतं. मुलीने ओढलेल्या बोटाशेजारी मी बोट ओढलं. माळेतून गळलेलं एक झेंडूचं फूल जमिनीवर होतं, ते उचलून वाहिलं. हात जोडले.

"हे काय नाटक आहे?" साहेब म्हणाले.

"नाटक नाही, साहेब. सकाळी राहिली होती."

"झालं? आता स्विच ऑन कर."

"आता माझीही पूजा झाली. आज तिला हात लावायचा नाही."

"तुला कळतंय ना तू काय करतोयस?"

"कळतंय."

"दिवाळी लांब नाहीये."

"माहीत आहे, साहेब."

लक्ष्मणने त्याचे बूट काढले. त्याच ताटातलं कुंकू घेतलं आणि त्याच्या प्रेसला लावलं. बाळूकाका दाराशी होते. ते हसत नव्हते. "अरे पोरांनो, कशाला," एवढं म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन निघून गेले.

साहेबांनी सागरकडे बोट केलं. सागर माझ्याजवळून गेला. जाताना त्याच्या अहिराणीत हळूच म्हणाला, "मनी नवी नोकरी शे, भाऊ." त्याने त्याची प्रेस चालू केली. सगळं शॉप बंद असताना एकच प्रेस चालू असली की तिचा आवाज फार मोठा वाटतो. सागरबद्दल मला वाईट काही लिहायचं नाही.

मी बूट घातले. आप्पा मुलीला घेऊन आधीच गेले होते.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला त्या सकाळी मी गेटवर कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. लाल. लक्ष्मणचंही तसंच. सिक्युरिटीचा माणूस ओळखीचा होता. तो म्हणाला, "भाऊ, मागं लाइन हाय. बाजूला व्हा." आम्ही बाजूला झालो. मागची माणसं आत जात राहिली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. मीही आधी असं बाजूला झालेल्यांकडे पाहिलेलं नाही.

कंत्राटदाराचा फोन आला. तो म्हणाला, साहेब तसे चांगले आहेत, विषय मिटेल. सगळ्यांसमोर, प्रेसपुढे उभं राहून माफी मागायची. एका मिनिटाचं काम आहे. पर्मनंटच्या यादीतलं नाव अजून काढलेलं नाही.

मी विचारलं, "माफी कशाची?"

"ते तू बघ ना. कशाचीही माग."

मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "सायखेड्याला काय सांगू?" मी म्हटलं, "झालं ते सांग." तिने सांगितलं. तिचे वडील त्यानंतर आलेले नाहीत.

आप्पा दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले ते जेवणाबद्दल, गॅसच्या नंबराबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल. दसऱ्याचा किस्सा त्यांनी पुन्हा सांगितलेला नाही.

दिवाळीनंतर काही जणांना निळे शर्ट मिळाले. सागर त्यांच्यात नव्हता. त्याला पुढे ब्रेक मिळाला. लक्ष्मण भाताच्या कापणीला गावी गेला. आता हंगामात निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला येतो. कधीतरी त्याचा फोन येतो.

मी सातपूरमध्ये फिरलो. ज्या गेटवर गेलो तिथे आत कंत्राटदार बसलेला, आणि त्याचा फोन दुसऱ्या कंत्राटदाराशी जोडलेला. "त्या पूजेवाला का तू?" एकाने विचारलं. त्याला गंमत वाटत होती. शेवटी अंबडला काम मिळालं. प्रेसच आहे. इथे पर्मनंट लोकांचा शर्ट पांढरा आहे. माझा हिरवा. इथेही ब्रेक असतो. इथेही मी आजच लागलेला आहे. घरून निघताना रोज जुन्या कंपनीच्या भिंतीच्या कडेने जावं लागतं. दुसरा रस्ता आहे, पण लांबचा आहे आणि पेट्रोल लागतं.

यंदा आप्पांना कंपनीचं निमंत्रण पुन्हा आलं. त्यांनी शर्टाला इस्त्री करून घेतली. मुलीने फ्रॉक काढून ठेवला होता. मी सांगितलं, ती जाणार नाही.

"माझी नात आहे ती," आप्पा म्हणाले.

"हो. पण जिथे तिचा बाप पट्टीबाहेर उभा होता, तिथे ती आत जाणार नाही."

"आता तू तिथे कामालासुद्धा नाहीस. तिने का म्हणून जायचं नाही?"

"तिने पाहिलंय, आप्पा."

मुलीने फ्रॉक परत कपाटात ठेवला. तिने हट्ट केला नाही. आप्पा एकटे गेले.

मी अंबडला गेलो. इथली प्रेसही आदल्या दिवशी मीच पुसली होती. इथेही हिरव्या शर्टांनी पूजेच्या वेळी बाजूला थांबायचं असतं, हे मला आधीच सांगितलेलं होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी मी आत गेलो. खिशात हळदीकुंकवाची पुडी होती. बूट काढले, प्रेसला हळद लावली, कुंकू लावलं, मेन स्विच बंद केला.

सुपरवायझर आला. वयाने माझ्यापेक्षा लहान आहे.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"पूजा दहाला आहे ना. साहेबांच्या हस्ते."

"त्यांची त्यांनी करावी. ही माझी झाली."

त्याने फोन काढला, थोडा वेळ हातात धरला, परत खिशात ठेवला. दहा वाजता साहेब आले, पूजा झाली, फोटो निघाला. मी बाजूला होतो. प्रेसवर दोन कुंकवं होती. दुपारी माल काढायचा होता. मला प्रेस चालवायला सांगण्यात आलं. मी सांगितलं, माझी पूजा झालेली आहे. दुसऱ्यांदा सांगण्यात आलं. मी तेच सांगितलं.

पाळी संपेपर्यंत ती प्रेस बंद होती.

आज दसरा आहे. उद्या कारखाना उघडतो. माझी पहिली पाळी आहे. गेटवर कार्ड लावून बघायचं.